११० पानांच्या प्रबंधातून १२ पानांचा लेख

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही नागपुरात बालरोगशास्त्रात एम.डी. केले. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुले वेदनेच्या झटक्यासाठी पुन्हा पुन्हा भरती होतात, त्याचा हायड्रोक्सियुरिया हे औषध नियमित घेण्या-न घेण्याशी काय संबंध आहे, हा तुमच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला, परीक्षा पार पडली आणि आता तुम्ही चंद्रपूरला रुजू झाला आहात. प्रबंधाचा संक्षेप करून तुम्ही तो एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला, तेव्हा चौथ्याच दिवशी दोन ओळींचे नकारपत्र आले. त्याच आठवड्यात, आठ हजार रुपये भरल्यास सात दिवसांत लेख प्रसिद्ध करू, असा ई-मेलही येऊन पडला. आपले इंग्रजी कमी पडले का, ते कोणाकडून पैसे देऊन सुधारून घ्यावे का, आणि त्या ई-मेलला होकार द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात २७ वर्षे बालरोगशास्त्र शिकवले आणि त्यांतली ११ वर्षे एका वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादक मंडळावर काम केले. चौथ्या दिवशी परत येणारा लेख इंग्रजीमुळे परत आलेला मी फार क्वचित पाहिला आहे. इतक्या लवकर तो समीक्षकांकडे गेलेलाच नसतो. संपादकाने शीर्षक, सारांश, पहिला तक्ता आणि फार तर कव्हर लेटर एवढेच वाचून निर्णय घेतलेला असतो. तेवढ्यात त्याला इतकेच पाहायचे असते की या लेखाने काय विचारले आहे, उत्तर काय निघाले आहे आणि ते आपल्या वाचकांच्या कामाचे आहे का. तुम्ही सोबत जोडलेला मजकूर मी दोनदा वाचला. त्यात उद्दिष्टे सहा आहेत, प्रश्न एकही नाही. अडचण तिथे आहे.

प्रबंध हा परीक्षकासमोर मांडलेला कष्टांचा हिशेब असतो. विषयावर जे जे लिहिले गेले ते वाचले, जे जे मोजता येईल ते मोजले, हे त्यात दाखवावे लागते, आणि त्यासाठी ११० पाने लागली तर त्यात गैर काही नाही. लेखाच्या वाचकाला मात्र तुमच्या कष्टांशी देणेघेणे नसते. तो ओपीडी संपवून दहा मिनिटे काढून वाचणार असतो. म्हणून प्रबंध आकसवून लेख होत नाही. प्रबंधातून एक प्रश्न उचलून त्याच्यासाठी लेख नव्याने लिहावा लागतो. मध्य भारतातील सिकलसेल ट्रेटविषयी (म्हणजे आजार नसून केवळ त्याचे वाहक असण्याविषयी) शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, तो जेमतेम दोन छापील पानांचा होता. सिकलसेलवर काम करणारी माणसे आजही त्याचा संदर्भ देतात.

तुमच्या सहा उद्दिष्टांपैकी वयोगट, लिंग, जात-जमात, रक्तगट अशी चार उद्दिष्टे केवळ वर्णनाची आहेत. ती पहिल्या तक्त्यात जातील. उरलेल्या दोनांपैकी एक खरोखर प्रश्न होऊ शकतो: ज्या मुलांनी वर्षभर हायड्रोक्सियुरिया नियमित घेतले, त्यांना वेदनेच्या झटक्यासाठी भरती होण्याची वेळ कमी आली का? हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. लेखातले प्रत्येक वाक्य त्याच्याशी ताडून पाहा, आणि ज्याचा संबंध लागत नाही ते कितीही मेहनतीचे असले तरी काढा. रक्तगटाचा स्वतंत्र तक्ता गाळताना तुम्हाला वाईट वाटेल, पण त्याला इलाज नाही.

आता आकडे, कारण लेख खरा तिथे उभा राहतो किंवा कोसळतो. तुमच्या सारांशात मुले ११८ आहेत, पहिल्या तक्त्यात ११४ आणि तिसऱ्यात पुन्हा ११८. चार मुले कुठे गेली? कदाचित त्यांचा एचपीएलसीचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल मिळाला नसेल, कदाचित ती पाठपुराव्याला आली नसतील. कारण कोणतेही असू शकते, पण ते लिहावे लागते. किती मुलांना विचारले, किती जणांच्या पालकांनी नकार दिला, किती वगळली आणि का, शेवटी किती मुलांच्या माहितीवर विश्लेषण झाले, हा ओघ एका साध्या आकृतीत दाखवा. माझा स्वतःचा पहिला लेख असाच परत आला होता. सारांशातली बेरीज आणि तक्त्यातली बेरीज तीनने जुळत नव्हती, आणि समीक्षकाने एवढेच लिहिले होते की ज्यांना रुग्ण मोजता येत नाहीत त्यांच्या निष्कर्षांवर मी काय बोलू. शब्द झोंबले, पण माणूस चुकीचे बोलत नव्हता.

भरतीचे दिवस तुम्ही ५.२ ± ६.१ असे दिले आहेत. सरासरीतून प्रमाण विचलन वजा केले तर उणे दिवस येतात, आणि कोणतेही मूल उणे दिवस भरती राहत नाही. म्हणजे आकडे एका बाजूला कललेले आहेत आणि तिथे मध्यक (बरोबर मधला आकडा) व आंतरचतुर्थक विस्तार (मधली निम्मी मुले ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान येतात तो) द्यायला हवा. २३ मुलांच्या गटात ९ म्हणजे ३९ टक्के, तिथे ३९.१३ लिहिल्याने अचूकता वाढत नाही, केवळ सॉफ्टवेअरमधून उतरवल्याचे कळते. ‘पी = ०.०००’ असे काही नसते. संगणक तसे दाखवत असला तरी लेखात ‘पी < ०.००१’ लिहायचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नुसत्या पी-मूल्यावर, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेवर, थांबू नका. दोन गटांत फरक किती होता आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ती) काय होती हे द्या, कारण वाचकाला आपल्या रुग्णाबाबत ठरवायचे असते तेव्हा त्याला फरकाचा आकार उपयोगी पडतो.

याहून खोल असे दोन दोष आहेत, आणि ते लपवण्यापेक्षा लिहून टाकण्यात तुमचा फायदा आहे. पहिला असा की, आपल्याकडे हायड्रोक्सियुरिया बहुधा त्याच मुलांना सुरू होते ज्यांचा आजार तीव्र असतो. त्यामुळे औषध घेणारी आणि न घेणारी मुले मुळातच सारखी नाहीत, आणि सरळ तुलना केली तर औषध घेणाऱ्यांचीच भरती जास्त दिसण्याची शक्यता असते. आदल्या वर्षातील भरतींची संख्या तुमच्या नोंदींत असेल तर ती विश्लेषणात धरा. नसेल तर तसे स्पष्ट सांगा. दुसरा दोष आपल्या भूगोलातून येतो. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरची, कधी छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातलीही मुले येतात. गडचिरोलीच्या मुलाला रात्री झटका आला तर त्याचे आईवडील त्याला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेतील, नागपूरला नाही. म्हणजे तुमच्या नोंदीत ‘पुन्हा भरती नाही’ असे आहे, त्याचा अर्थ काही वेळा केवळ ‘आमच्याकडे भरती नाही’ एवढाच असतो. पालकांना फोन करून इतरत्र भरती झाली होती का हे तुम्ही विचारले होते, असे प्रबंधाच्या ६७व्या पानावर एका ओळीत आले आहे. ती ओळ तुमच्या अभ्यासाची सर्वांत मोठी ताकद आहे, आणि तुम्ही पाठवलेल्या मजकुरातून नेमकी तीच गळली आहे.

पद्धती या भागाची कसोटी अशी की तो वाचून दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला तोच अभ्यास करता यावा. सिकलसेल आजाराचे निदान कशावरून केले? सोल्युबिलिटी टेस्ट या प्राथमिक तपासणीने ट्रेट आणि आजार वेगळे करता येत नाहीत, म्हणून एचपीएलसी केले होते हे आवर्जून लिहा. वेदनेचा झटका, ज्याला वॉर्डात आपण नुसते क्रायसिस म्हणतो, कशाला म्हटले? भरती म्हणजे किती तास? ‘नियमित’ म्हणजे काय, पालकांच्या सांगण्यावरून की फार्मसीच्या नोंदीवरून? एमसीव्ही (लाल रक्तपेशींचा सरासरी आकार) वाढलेला होता का, हेही औषध खरोखर पोटात जात असल्याची एक खूण म्हणून देता येईल. तुमचा अभ्यास निरीक्षणात्मक (उपचार स्वतः न ठरवता केवळ नोंदी पाहणारा) असल्यामुळे, अशा लेखात काय काय लिहावे हे सांगणारी, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली स्ट्रोब ही २२ मुद्द्यांची यादी समोर ठेवा. औषध-उपचारांच्या चाचणीसाठी कॉन्सॉर्ट, पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा आणि केस रिपोर्टसाठी केअर अशा वेगळ्या याद्या आहेत. बहुतेक जण त्या यादीवर शेवटच्या रात्री टिकमार्क करत सुटतात. ती अभ्यास आखतानाच वाचली तर तिचा खरा उपयोग. ती वेळ आता गेली असली तरी लिहिण्यापूर्वी एकदा नजरेखालून घाला.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमाने ठेवू नका. आधी तक्ते आणि आकृत्या पक्क्या करा, मग पद्धती, मग निष्पत्ती. त्यानंतर चर्चा आणि प्रस्तावना. सारांश व शीर्षक सर्वांत शेवटी. प्रस्तावनेला तीन परिच्छेद पुरतात: आजाराविषयी काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि म्हणून आम्ही काय पाहिले. आपल्याकडचा सिकलसेलवरचा जवळजवळ प्रत्येक प्रबंध १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी केलेल्या वर्णनापासून सुरू होतो. संपादकाला ते माहीत असते. विदर्भातील मुलांविषयी मात्र त्याला फारसे माहीत नसते, आणि तुमच्या लेखाचे मोल तिथेच आहे: आपल्याकडे मुख्यतः आढळणारा अरब-भारतीय हॅप्लोटाइप (जनुकीय प्रकार), त्यासोबत येणारे, आजार सौम्य ठेवणारे जास्त फीटल (गर्भावस्थेतले) हिमोग्लोबिन, आणि तरीही वॉर्डात वारंवार येणारी मुले. आफ्रिकन वंशाच्या मुलांवरील अभ्यासांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील का, ही शंका प्रस्तावनेत दोन वाक्यांत मांडली की पुढचे वाचायला कारण मिळते.

चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात तुमचे मुख्य उत्तर सांगा, पुन्हा सगळे आकडे सांगू नका. नंतर इतरांच्या निष्कर्षांशी तुलना करताना ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी माळ ओवण्यापेक्षा, फरक का पडला असावा याचा विचार लिहा. ‘आमच्या माहितीप्रमाणे हा भारतातील पहिलाच अभ्यास’ हे वाक्य शक्यतो टाळा, कारण समीक्षकाने स्वतःच आधी तसा अभ्यास केलेला असण्याचा धोका असतो, आणि मी असे प्रसंग पाहिले आहेत. ‘हायड्रोक्सियुरियामुळे भरती कमी झाली’ असेही तुम्हाला लिहिता येणार नाही; ‘नियमित औषध घेणाऱ्या मुलांत भरती कमी आढळली’ इथपर्यंतच तुमचा अभ्यास तुम्हाला नेतो.

इंग्रजीविषयी थोडेसेच सांगते, कारण तुमची काळजी आहे त्याहून हा प्रश्न लहान आहे. छोटी वाक्ये, एका वाक्यात एकच गोष्ट, एका संज्ञेला शेवटपर्यंत एकच शब्द. एके ठिकाणी ‘क्रायसिस’, दुसरीकडे ‘एपिसोड’ आणि तिसरीकडे ‘अटॅक’ असे लिहिले की वाचकाला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. शाळेत शिकवलेला पुनरुक्ती टाळण्याचा नियम इथे विसरायचा. लिहून झाल्यावर बालरोगशास्त्राबाहेरच्या एखाद्या मित्राला, समजा भूलतज्ज्ञाला, मोठ्याने वाचून दाखवा आणि तो जिथे ‘थांब, परत सांग’ म्हणेल तिथे वाक्य बदला. पैसे देऊन भाषा सुधारून घेण्यात गैर नाही, पण प्रश्न हरवलेला लेख गुळगुळीत इंग्रजीतही हरवलेलाच राहतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी भाषा नीट करून घेतली तर ते लेखात जाहीर करा; कुठे आणि कसे, ते त्या नियतकालिकाच्या सूचनांत असते. असे साधन लेखक म्हणून मात्र लावता येत नाही, कारण त्याला मजकुराची जबाबदारी घेता येत नाही. संदर्भ तर त्याच्याकडून कधीही मागू नका. अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे, अगदी खरे वाटणारे संदर्भ ही साधने तयार करून देतात, आणि एक खोटा संदर्भ सापडला की संपादक उरलेल्या लेखावरही विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याच्या यादीतून न वाचता उचललेला संदर्भ हे याच चुकीचे जुने रूप आहे. ज्याचा हवाला देता तो लेख उघडा, निदान तुम्ही सांगता ते वाक्य त्यात आहे का ते पाहा. झोटेरोसारखे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर वापरले तर क्रमांकांची उलथापालथ तरी वाचेल.

आता लेखकांची नावे. तुमच्या मजकुरात सात नावे आहेत आणि त्यांतल्या दोन व्यक्तींनी नेमके काय केले हे तुम्हालाही सांगता आलेले नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमलेल्या एका छोट्या गटातून उभी राहिली. तिच्या निकषांप्रमाणे लेखक होण्यासाठी चार गोष्टी एकत्र लागतात: अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा, लेख लिहिण्यात किंवा त्याची मर्मग्राही दुरुस्ती करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या प्रत्येक भागाबद्दल उत्तर देण्याची तयारी. केवळ विभागप्रमुख असणे, खाटा किंवा निधी मिळवून देणे यांपैकी काहीही पुरेसे नाही. त्यासाठी आभाराचा परिच्छेद असतो. चौथी अट शोभेची नाही. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये कोविडच्या रुग्णांतील हायड्रोक्सिक्लोरोक्विनविषयी आलेला एक मोठा लेख दोन आठवड्यांच्या आतच, ४ जूनला, मागे घ्यावा लागला, कारण मूळ माहिती एका खासगी कंपनीच्या ताब्यात होती आणि कंपनीबाहेरच्या तिन्ही लेखकांना तिची खात्री देता येईना.

आपल्याकडे नवख्या डॉक्टरला ‘सर, तुमचे नाव घालता येणार नाही’ म्हणणे किती कठीण आहे, हे मी जाणते. म्हणून हे बोलणे लेख लिहून झाल्यावर करू नका. तुमच्या गाईडकडे जा, प्रश्न आणि तक्ते दाखवा, कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय हे त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना नम्रपणे ई-मेलने कळवा. ज्येष्ठांना मसुदा पाठवून ‘आठवड्यात दुरुस्त्या कळवाव्यात’ अशी विनंती केली की खरे लेखक आपोआप वेगळे होतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: गाईडला न विचारता प्रबंधाचा मजकूर परस्पर पाठवणे हीही तितकीच गंभीर चूक आहे, आणि तुमच्या पत्रावरून पहिल्या वेळी तसेच घडले असावे असे वाटते.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख पद्धतींत लिहा, आणि ती तारीख पहिल्या रुग्णाच्या नोंदीच्या आधीची आहे ना, ते स्वतः तपासा, समीक्षक तपासतोच. मुलांवरील अभ्यास असल्यामुळे पालकांची लेखी संमती घेतली हे सांगा, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांपुढील मुलांचा असेंट (मुलाची स्वतःची सहमती) घेतला असेल तर तेही. तुमचा अभ्यास चाचणी नाही, म्हणून नोंदणीचा प्रश्न तुम्हाला अडवणार नाही. पण तुमच्या मागून येणाऱ्या रेसिडेन्टना सांगा की औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदवावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली चाचणी चांगली नियतकालिके विचारातही घेत नाहीत. छायाचित्र द्यायचे असेल तर ते छापण्याची संमती वेगळी घ्यावी लागते. डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव आणि नोंदणी क्रमांकही काढायला विसरू नका.

त्या सात दिवसांच्या ई-मेलविषयी माझे उत्तर नाही असे आहे. दोन अनोळखी समीक्षकांनी लेख वाचून मत द्यायचे, तुम्ही दुरुस्त्या करायच्या आणि संपादकाने पुन्हा पाहायचे, हे सात दिवसांत होत नाही. म्हणजे ते होणारच नाही. पैसे घेणे हा स्वतःच दोष नव्हे, अनेक प्रतिष्ठित मुक्त-प्रवेश (कोणालाही मोफत वाचता येणारी) नियतकालिकेही शुल्क घेतात, परंतु ती ते आपल्या संकेतस्थळावर उघड लिहितात आणि छापण्याची हमी कोणीही देत नाही. अशा बनावट नियतकालिकांची जेफ्री बील या अमेरिकी ग्रंथपालांनी केलेली यादी जानेवारी २०१७ मध्ये उतरवली गेली, विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) मान्य नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असे शिक्के ई-मेलमध्ये अजून मिरवतात. त्यामुळे तपासणी स्वतःच करावी लागते. मेडलाइन या निवडक वैद्यकीय नियतकालिकांच्या सूचीमध्ये आहे असा दावा असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. एखादा लेख पबमेड या त्याच ग्रंथालयाच्या शोधसेवेवर दिसला म्हणजे नियतकालिक मेडलाइनमध्ये आहेच असे नाही. मुक्त-प्रवेश असल्यास डीओएजे या अशा नियतकालिकांच्या सूचीमध्ये पाहा. संपादक मंडळावरील एखाद्याला ई-मेल करून विचारा. आपले नाव तिथे आहे हे ज्यांना ठाऊकच नव्हते अशा दोन सहकाऱ्यांना मी ओळखते. खऱ्या नियतकालिकाच्या नावाने उघडलेली खोटी संकेतस्थळेही असतात, तेव्हा ई-मेलमधल्या दुव्यावरून कधीच जाऊ नका. पदोन्नतीसाठी लेख हवा असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा अर्जाच्या वेळी लागू असलेला नियम मूळातून वाचा, कारण नियतकालिकांची कोणती सूची धरली जाते ते बदलत आले आहे.

मग पाठवायचा कुठे? तुमच्या संदर्भयादीकडे पाहा. तुम्ही ज्यांचे लेख वाचून प्रश्न घडवला ती नियतकालिके तुमच्या वाचकांची आहेत. त्यांतल्या दोन-तीनांचे गेल्या वर्षभराचे अंक चाळा आणि अशा आकाराचे, एका केंद्रातले अभ्यास ती छापतात का ते पाहा. इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स किंवा इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च यांचा विचार करताना मोठा लेख हवा की संक्षिप्त अहवाल, हेही ठरवा. तुमचे उत्तर संक्षिप्त अहवालात मावेल असे मला वाटते. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचे. दोन ठिकाणी एकदम पाठवलेले उघडकीस आले, आणि विषयाचे समीक्षक मोजकेच असल्यामुळे ते येतेच, तर दोन्हीकडची दारे बंद होतात.

पाठवण्यापूर्वी ‘लेखकांसाठी सूचना’ हा भाग छापून घ्या आणि पेन्सिलीने खुणा करत वाचा. शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, संदर्भांची शैली, सगळे तिथे असते. समीक्षकाला लेखक कळू नयेत म्हणून लेखकांची नावे वेगळ्या पानावर, आणि मुख्य मजकुरात नावे, संस्था, शहर काहीही नको, असे बहुतेकांचे म्हणणे असते. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत दडलेले तुमचे नावही काढा. कव्हर लेटर अर्ध्या पानाचे असू द्या: काय विचारले, काय आढळले, याच नियतकालिकाच्या वाचकांना ते का उपयोगी आहे, लेख दुसरीकडे पाठवलेला नाही आणि सर्व लेखकांची संमती आहे. संपादकाचे नाव पाहून लिहा. संपादक मंडळावर असताना मला ‘रिस्पेक्टेड सर’ असे मायने असलेली इतकी पत्रे आली की पुढे मी मोजणे सोडले. एकात तर आधीच्या नियतकालिकाचे नाव तसेच राहिले होते. सर्व फाइल चढवल्यावर यंत्रणा जी पीडीएफ बनवते ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. ± आणि ≥ ही चिन्हे कुठे चौकोन होऊन बसतात ते तिथेच कळते. संपर्कासाठी कॉलेजचा नव्हे, स्वतःचा कायमचा ई-मेल पत्ता द्या, आणि ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी क्रमांक काढून ठेवा.

मग वाट पाहायची. मोठ्या दुरुस्त्या सुचवणारे पत्र आले तर ती आनंदाची बातमी आहे, तुमचे पहिले वाचन तसे सांगणार नाही. पत्र दोन दिवस बाजूला ठेवा. नंतर समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर कोणत्या ओळीत केला ते लिहा. आभार एकदा मानले की पुरे. मुद्दा पटला नाही तर कारण आणि पुरावा देऊन नम्रपणे नकार द्यावा. गुपचूप गाळलेला मुद्दा समीक्षकाला पहिला दिसतो. नकार आला तरी त्यातल्या सूचना अमलात आणूनच पुढच्या ठिकाणी पाठवा. एकच लेख दोन वेगवेगळ्या नियतकालिकांकडून माझ्याकडे समीक्षेसाठी आला आहे, एका स्वल्पविरामाचाही बदल न करता, आणि मीही माझे जुने मत तसेच्या तसे पाठवून दिले.

लेख स्वीकारला गेला की छपाईपूर्वीचे प्रूफ येते आणि ते बहुधा दोन दिवसांत परत मागतात. ते वाचायला एक सहकारी सोबत बसवा: एकाने मूळ तक्ता वाचायचा, दुसऱ्याने प्रूफमधला आकडा पाहायचा. दशांशचिन्हे आणि नावांची स्पेलिंग तिथे सुधारतात. नंतर शुद्धिपत्र काढावे लागते. संस्थेच्या नावाबाबत तुम्ही विचारलेले नाही, पण चूक इथे हमखास होते. तुम्ही आता चंद्रपूरला असलात तरी काम नागपूरच्या ज्या महाविद्यालयात झाले त्याचेच नाव तुमच्या नावापुढे जाईल, आणि चंद्रपूरचा पत्ता ‘सध्याचा पत्ता’ म्हणून खाली येईल. एक्सेलची मूळ फाइल आणि संमतीपत्रांचे गठ्ठे अजून तुमच्या वसतिगृहाच्या खोलीतल्या पेटीत असतील, तर येत्या रविवारी येऊन ते विभागात जमा करा आणि गाईडची पोच घ्या. छापल्यानंतर दोन वर्षांनीही संपादक ते मागू शकतात, आणि तेव्हा ती खोली दुसऱ्या कोणाची असेल.